कथा वाचून झाल्यावर कथाकाराला पत्र कसे लिहावे

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात राहून मराठीत कथा लिहिणाऱ्याची कथा छापून येते, तेव्हा ती वाचणाऱ्यांपर्यंत कशी पोचली हे त्याला सहसा कळतच नाही. दिवाळी अंकासाठी कथा पावसाळ्याच्या तोंडावर पाठवलेली असते, ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात छापली जाते, आणि तोवर लेखक दुसऱ्याच कथेत गुंतलेला असतो किंवा आपल्याला आता काही सुचणार नाही या काळजीत पडलेला असतो. अंक हातात येतो, स्वतःचे नाव एकदा पाहून होते आणि मग गल्लीत सारे शांत असते. मी स्वतः कथा लिहिते. गेली सतरा वर्षे खानापूर तालुक्यातील एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांची पत्रे मला येत आहेत, आणि त्या पत्रांनीच मला लिहिते ठेवले आहे. वाचकाने लेखकाला धीर कसा द्यावा आणि लेखकाने तो कसा स्वीकारावा हे मी या गुरुजींकडून शिकले. आपल्या आवडत्या कथाकाराला लिहावे असे ज्यांना वाटते, पण काय लिहावे ते सुचत नाही, त्यांच्यासाठी तेच येथे मांडत आहे.

आपल्या भागात याची गरज अधिक आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून कचेरीतला अर्ज आणि बसवरची पाटी कन्नडमध्ये, तर घरातली आरती, भांडणे आणि लाड मराठीत, अशी आपली रीत झाली. पुष्कळ मुले कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात, आणि मराठी बोलता येत असले तरी पंधरा पानांची कथा बसून वाचण्याची सवय त्यांच्यापैकी थोड्यांनाच उरते. बेळगावात १९२९, १९४६ आणि २००० साली मराठी साहित्य संमेलने भरली, आणि आजही कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा या गावांत गावकरी मोठ्या हौसेने संमेलने भरवतात. परंतु मांडव उतरल्यानंतर वर्षभर कथाकाराच्या जवळ राहतो तो एखादा नेमाने वाचणारा माणूसच, आणि म्हणून त्याच्या दोन ओळींना येथे फार वजन असते.

पत्र लिहिण्यापूर्वी कथा दोनदा वाचावी आणि दोन वाचनांमध्ये निदान एक रात्र जाऊ द्यावी. पहिल्या वाचनात आपण पुढे काय झाले याच्या मागे धावत असतो, त्यामुळे कथेचे काम कोठे झाले हे आपल्याला दिसत नाही. दुसऱ्या वेळी पेन्सिल घेऊन बसावे. जेथे आपण थांबलो, एखादे वाक्य मागे जाऊन पुन्हा वाचले किंवा अंक मांडीवर ठेवून क्षणभर दाराबाहेर पाहिले, तेथे समासात बारीक खूण करावी. अंक वाचनालयाचा असेल तर खूण वहीत करावी. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून चालू आहे, आणि तेथला अंक आपल्या हातून पुढे आणखी कितीतरी हातांत जायचा असतो. पत्राचा सगळा ऐवज या खुणांतच असतो. पाच-सहा खुणा झाल्या असतील तर त्यांतील एक किंवा दोनच निवडाव्यात, आणि अंक आल्यापासून पंधरा दिवसांच्या आत पत्र टाकावे, कारण उशीर झाला की आपल्यालाच वाटू लागते की आता काय लिहायचे, आणि मग ते राहूनच जाते.

'कथा खूप छान, असेच लिहीत राहा' हा आशीर्वाद आहे आणि तो गोड वाटतो, परंतु दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदापुढे बसलेल्या लेखकाच्या हाती त्यातून काही लागत नाही. त्याऐवजी काय लिहावे, हे दाखवण्यासाठी गुरुजींच्या एका पत्रातील मजकूर त्यांना विचारून येथे देते. कथा भाताच्या रोप लावणीच्या दिवसांतील होती. गुरुजींनी लिहिले होते:

'ताई, सप्रेम नमस्कार. तुमची कथा मंगळवारी वाचली आणि काल पुन्हा वाचली. सून दिवसभर चिखलात वाकून घरी येते आणि चुलीपुढे बसते, तेव्हा सासू काही न बोलता चुलीतले एक लाकूड मागे ओढते, म्हणजे सुनेला ऊब मिळावी पण झळ लागू नये, तेथे मी थांबलो. त्या दोघींचे तीन पाने भांडण चालले आहे आणि समेट तुम्ही कोणाच्याही तोंडून वदवलेला नाही. माझी आई असेच लाकूड ओढत असे. चाळीस वर्षांत मला ते आठवले नव्हते. काल रात्री घरी सर्वांना सांगितले.'

या पत्रात कौतुकाचे एकही विशेषण नाही. कथेतली नेमकी जागा सांगितली आहे, त्या जागी लेखिकेने काय केले आणि काय करायचे टाळले हे ओळखले आहे, आणि त्यामुळे वाचणाऱ्याच्या मनात काय हलले हे मोकळेपणाने लिहिले आहे. चुलीतल्या लाकडाचे ते वाक्य मी दोनदा खोडले होते आणि दोनदा पुन्हा लिहिले होते. संपादकांना ते अनावश्यक वाटेल अशी मला धास्ती होती. ते राहिले हे बरे झाले, हे मला या पत्रातून कळले, आणि माणसांचा समेट त्यांच्या बोलण्यातून उरकून टाकण्याची माझी जुनी खोड तेव्हापासून सुटली. लेखकाला आपले बळ कोठे आहे हे पुष्कळदा दिसत नाही. वाचकाने तेवढी जागा बोट ठेवून दाखवली तरी पुढच्या दोन-तीन कथांचे काम होते.

सीमाभागातील वाचकाला आणखी एक गोष्ट करता येते, जी पुण्या-मुंबईच्या वाचकाला करता येणार नाही, आणि ती म्हणजे बोलीची राखण. माझ्या एका कथेतील म्हातारा बाजारातून चिरमुरे आणतो. अंक छापून आला तेव्हा त्यात 'कुरमुरे' झाले होते, आणि 'बस की' या शब्दांतला 'की' गेला होता. मला वाईट वाटले, पण तिकडच्या वाचकांना हेच बरे वाटत असेल असे समजून मी गप्प बसले आणि पुढच्या कथेत स्वतःच 'कुरमुरे' लिहिले. तेव्हा गुरुजींचे कार्ड आले: 'तुमच्या माणसांनी आता चिरमुरे खायचे सोडले काय?' त्या एका प्रश्नाने मी भानावर आले. त्यानंतर कथा पाठवताना सोबतच्या पत्रात, संवादांतील शब्द बोलीप्रमाणे मुद्दाम ठेवले आहेत, ते कृपया बदलू नयेत, असे मी नम्रपणे लिहू लागले, आणि बहुतेक संपादकांनी ते आनंदाने मानले. आपल्या घरात बोलले जाणारे शब्द छापलेल्या कथेत भेटले की त्याचा आनंद लेखकाला अवश्य कळवावा, कारण त्या शब्दांविषयी त्याच्या मनात सतत शंका असते.

कन्नड वाक्यांच्या बाबतीतही हेच करावे. आपल्या कथांतील माणसे बाजारात, शेतावर, दवाखान्यात कन्नड बोलतात आणि लेखकाला ते दाखवावे लागते. हुक्केरीकडून बांगड्या विकायला आलेली बाई माझ्या कथेत घरातल्या आजीला 'ऊट आयता?' असे विचारत होती. गुरुजींनी कळवले की ते बंगळूरकडचे बोलणे झाले, आपल्याकडची बाई 'ऊट आतेन्री?' असे विचारेल. जेवण झाले का, एवढाच दोन्हींचा अर्थ आहे, परंतु दुसऱ्या वाक्यात ती बाई कोणत्या बाजूची आहे हे ऐकू येते, आणि शेवटच्या 'री'मध्ये आजीला दिलेला मानही येतो. ही दुरुस्ती म्हणजे लेखकाला मिळालेली मोठी भेट असते, आणि ती देण्यासाठी वाचक विद्वान असावा लागत नाही.

चूक सांगायची झाली तर तिची रीत सांभाळावी. एका पत्रात एकच चूक लिहावी, ती आपल्याला नक्की ठाऊक असलेल्या गोष्टीची असावी, आणि शक्य तर प्रश्नाच्या रूपाने विचारावी. आषाढात रताळी काढण्याचा प्रसंग मी एका कथेत घातला होता. 'आषाढात आमच्याकडे रताळ्याचे वेल लावतात आणि काढणी नवरात्राच्या सुमारास सुरू होते. तुमच्या कथेतील शेत कोणत्या बाजूचे धरायचे?' असे गुरुजींनी विचारले, आणि मला माझी चूक कळली, पण मान खाली घालावी लागली नाही. कथासंग्रह काढताना मी तो प्रसंग नवरात्रात नेला आणि तो तेथे अधिक शोभला. शेवट असा करायला हवा होता, त्या मुलीचे लग्न लावून द्यायला हवे होते, अशा सूचना मात्र करू नयेत. त्या वाचकाच्या मनातल्या कथेविषयी असतात, आणि ती कथा वाचकाने स्वतः लिहावी. एखाद्या मोठ्या लेखकाशी तुलना करून कौतुक करणेही टाळावे, कारण त्याने लेखक सुखावण्याऐवजी अवघडतो.

यापुढची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपली गावे लहान आहेत आणि भावकी मोठी आहे. कथा छापून आली की ही अमक्याच्या घरची गोष्ट, तो दारुडा म्हणजे तमक्याचा थोरला, असे तर्क सुरू होतात आणि ते लेखकाच्या घरापर्यंत पोचतात. या भीतीने कित्येक चांगल्या कथा, विशेषतः बायकांच्या कथा, वहीतच राहिल्या आहेत. माझ्या एका मैत्रिणीने वाटणीवरची कथा लिहिली, तेव्हा दिवाळीच्या फराळाला चुलत जावा तिच्याकडे आल्या नाहीत, आणि त्यानंतर दोन वर्षे तिने काही लिहिले नाही. अशा वेळी नेमाच्या वाचकाने काय करावे, तर 'ही कोणाची गोष्ट?' हा प्रश्न स्वतः कधीही विचारू नये, आणि चहाच्या दुकानात किंवा लग्नाच्या पंगतीत दुसरे कोणी तो काढू लागले तर बोलणे कथेकडे वळवावे, म्हणजे त्या माणसाचे वागणे आपल्याला पटले का, आपण त्याच्या जागी असतो तर काय केले असते, असे विचारावे. लेखकाला पत्रात स्पष्ट लिहावे की मी ती कथा कथा म्हणून वाचली. हे वाक्य वाचून लेखकाच्या मनावरचा केवढा भार उतरतो, हे मी त्या मैत्रिणीच्या डोळ्यांत पाहिले आहे. तिची एक शेजारीण रोज संध्याकाळी तिच्याकडे जाऊन बसत असे. कथेबद्दल ती अवाक्षर काढत नसे, पण अंक मात्र तिने स्वतः विकत घेऊन फडताळावर दिसेल असा ठेवला होता.

पत्र कशावर लिहावे याला फार महत्त्व देण्याचे कारण नाही, तरी थोडा विवेक हवा. ५० पैशांचे पोस्टकार्ड कौतुकासाठी सर्वांत चांगले, कारण ते उघडे असते आणि पोस्टमनपासून घरातल्या सासऱ्यांपर्यंत सर्वांनी ते वाचले तर बिघडत नाही, उलट घरात लेखिकेचा मान वाढतो. चूक दाखवायची असेल किंवा कथेतील दुःखाशी आपले दुःख जोडून काही सांगायचे असेल, तर आंतरदेशीय पत्र किंवा बंद पाकीट वापरावे. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता अंगठा किंवा जोडलेले हात पाठवू नयेत. पाठवायचेच असेल तर पत्रात लिहिल्या असत्या त्याच दोन ओळी तेथे लिहाव्यात. लेखकाचा पत्ता ठाऊक नसेल तर अंकाच्या संपादकांच्या पत्त्यावर पाठवून पाकिटावर 'कृपया लेखकाकडे पाठवावे' असे लिहावे. न कळवता घरी जाऊन उभे राहू नये. बेळगावात शिकलेले आणि पुढे धारवाडात अनेक वर्षे इंग्रजी शिकवणारे कथाकार जी. ए. कुलकर्णी लोकांत फारसे मिसळत नसत, परंतु १९८७ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर त्यांच्या पत्रांचे खंडच्या खंड प्रसिद्ध झाले. समोरासमोर अवघडणारी पुष्कळ माणसे कागदावर मोकळी होतात, आणि वाचकाने त्यांना तेथेच गाठावे.

आता लेखकाच्या बाजूने. आलेल्या पत्राला आठ-दहा दिवसांत उत्तर द्यावे आणि ते पत्रातल्या नेमक्या गोष्टीला धरून असावे. नुसते आभार मानून थांबले तर वाचकाला आपण दार वाजवून परत आलो असे वाटते. दाखवलेल्या चुकीचे समर्थन करू नये. 'मी तपासून पाहते' एवढे लिहावे, खरोखर तपासावे, आणि दुरुस्ती केली की ती आवर्जून कळवावी, कारण आपल्या शब्दाने छापील पान बदलले यापेक्षा वाचकाला अधिक सुखावणारे काही नसते. त्याच्या वाचनाचे आपण हक्कदार आहोत असे मात्र वागू नये. कच्चा खर्डा पाठवण्यापूर्वी 'वाचायला सवड आहे काय?' असे विचारावे, आणि नाही म्हणायला त्याला अवघड जाणार नाही अशा शब्दांत विचारावे. गुरुजींच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचे दिवस मला ठाऊक नव्हते आणि मी त्यांना तीस पानांची कथा पाठवली. त्यांनी ती नातीकडून वाचून घेतली आणि उत्तरही तिच्या अक्षरात आले, तेव्हा मला फार वाईट वाटले. त्या दिवसापासून मी पत्राची सुरुवात त्यांच्या प्रकृतीच्या चौकशीने करते आणि कथेचा विषय त्यांनी काढल्याशिवाय काढत नाही.

वाचकालाही धीर लागतो हे लेखकांनी लक्षात ठेवावे. खेड्यात राहणाऱ्या माणसाला दिवाळी अंक वेळेवर मिळत नाहीत आणि सगळे विकत घेणे परवडत नाही. आपल्याकडे आलेल्या लेखकाच्या प्रतींपैकी एक त्याला पाठवावी, आणि केवळ स्वतःची कथा असलेला अंक न पाठवता त्याला आवडेल असे दुसऱ्याचे लेखनही पाठवावे. गावोगावच्या संमेलनांत कथाकथनाचे सत्र असते. आपण कथा सांगणार असू तर आधी कार्ड टाकून बोलवावे, आणि जेवणाच्या पंगतीत त्याच्या शेजारी बसावे. सांबऱ्याला मी कथा सांगत होते तेव्हा गुरुजी दुसऱ्या रांगेत बसून डोळे मिटून ऐकत होते, आणि एका ठिकाणी त्यांनी डोळे उघडले. घरी आल्यावर मी तो परिच्छेद पाहिला, तर तेथे मी माहिती देण्याच्या भरात आवाज बदलला होता. ऐकणाऱ्याचा चेहराही लेखकाला पुष्कळ सांगतो, तेव्हा सत्र चालू असताना वहीत डोके घालून बसू नये.

लेखक लिहीत नसतो त्या काळात काय करावे, हे बहुतेक वाचकांना कळत नाही. सासूबाईंच्या आजारपणात माझे सव्वा वर्ष काहीही लिहून झाले नाही. भेटेल तो 'नवीन काय?' असे आपुलकीने विचारी आणि मी प्रत्येक वेळी आणखी खचे. गुरुजींनी तो प्रश्न एकदाही विचारला नाही. त्यांची कार्डे मात्र नेमाने येत राहिली, आणि प्रत्येक कार्डात आजूबाजूची एखादीच गोष्ट असे, जसे मलप्रभेला आलेले पाणी, शाळेच्या छपरावरून उतरवलेली कौले, किंवा कोणाच्या तरी तोंडून ऐकलेला जुना शब्द. वाचकाने या काळात असेच लिहावे. उत्तराची अपेक्षा ठेवू नये, जुन्या कथेची आठवण निघालीच तर सहज सांगावी, आणि मागणी कसलीही करू नये. लेखकानेही जमेल तेव्हा एक ओळ लिहावी, आणि सांगण्यासारखे काही नसेल तर विचारावे. जुलैतल्या एका कार्डात त्यांनी लिहिले होते, 'आज तरवा काढला. मुठी बांधायला माणसे कमी पडली म्हणून मीही बसलो.' तरवा म्हणजे लावणीसाठी वाढवलेली भाताची रोपे, आणि मुठी म्हणजे त्यांच्या जुड्या. मी खूप दिवसांनी उत्तर लिहिले, आणि त्यात मुठी कशाने बांधतात एवढेच विचारले. पुढच्या कार्डात त्यांनी सांगितले की गेल्या वर्षीच्या भाताच्या पिंजराने, म्हणजे वाळलेल्या पेंढ्याने, बांधतात, आणि ते पिंजर आधी पाण्यात भिजवून घ्यावे लागते, नाहीतर गाठ मारताना तुटते.